‘जॉर्डनचे हाशिमी राज्य’ : नावातील नदी आणि घराणे

प्रश्न : जॉर्डनच्या अधिकृत नावात ‘हॅशेमाइट’ असा शब्द येतो. हा पंथ आहे की जमात? आणि मराठीत ते नाव कसे लिहावे?

उत्तर : अरबीत हे नाव ‘अल-मम्लका अल-उर्दुनिय्या अल-हाशिमिय्या’ असे आहे. ‘हाशिमी’ हा पंथ नव्हे, ते राजघराण्याचे नाव आहे. प्रेषित मुहंमद यांचे पणजोबा हाशिम यांच्यापासून हे घराणे आपला वंश सांगते. मक्केचे शरीफ हुसेन बिन अली यांचे पुत्र अब्दुल्ला यांनी १९२१ मध्ये ब्रिटिशांच्या छत्राखाली येथे अमिरात स्थापली, आणि २५ मे १९४६ रोजी ती स्वतंत्र राज्य झाली. म्हणून ‘जॉर्डनचे हाशिमी राज्य’ असे लिहावे. ‘हॅशेमाइट’ हे इंग्रजी वळणाचे रूप आपल्याला घेण्याचे कारण नाही.

‘मम्लका’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ‘मालक’, ‘मुलूख’, ‘मिळकत’ हे आपले शब्द त्याच म-ल-क धातूपासून फारसीमार्गे आले आहेत. ‘मामलेदार’ मात्र ध्वनिसाम्य असूनही या कुळातला नाही. तो ‘अंमल’चा सोयरा.

‘उर्दुन’ म्हणजे जॉर्डन नदी, मराठी बायबलातील ‘यार्देन’. आज तिच्या नावाने ओळखला जाणारा देश बव्हंशी तिच्या पूर्वेला पसरलेला आहे, आणि नदी त्याच्या पश्चिम सीमेवरून वाहत मृत समुद्राला मिळते, ज्याचा काठ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४३० मीटर खाली आहे. अम्मान, इर्बिद, झरका ही मोठी शहरे खोऱ्यालगतच्या उंच प्रदेशात आहेत. त्यापुढे इराक आणि सौदी अरेबियाच्या सीमेपर्यंत ‘बादिया’ हा विरळ वस्तीचा वाळवंटी पट्टा आहे. समुद्रकिनारा म्हणाल तर दक्षिणेला अकाबापाशी काय तो थोडासा. अमिरातीच्या काळातील ‘शर्क अल-उर्दुन’ म्हणजे ‘उर्दुनच्या पूर्वेचा प्रदेश’ हे नाव या भूगोलाला अधिक नेमके जुळत होते. पुढे १९४८ च्या युद्धात नदीपलीकडचा भागही ताब्यात आला, १९५० मध्ये तो राज्याला जोडला गेला आणि १९६७ च्या युद्धात हातचा गेला. त्यावरील हक्क अब्दुल्ला यांचे नातू राजे हुसेन यांनी १९८८ मध्ये सोडला.

पुरवणी प्रश्न : त्या भागाला ‘पश्चिम किनारपट्टी’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. ‘किनारपट्टी’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात कोकण येते, म्हणजे समुद्र येतो, आणि या प्रदेशाला तर खुल्या समुद्राचा स्पर्शही नाही. येथे अभिप्रेत आहे तो नदीचा काठ. अरबीतील ‘अद-दफ्फा अल-गर्बिय्या’ या नावाचा अर्थही तोच. गोदातीर, कृष्णातीर म्हणणाऱ्या भाषेत ‘पश्चिम तीर’ हा शब्द सहज रुळेल, आणि कोणाचा तीर असा प्रश्न पडलाच तर उत्तर शेजारच्या देशाच्या नावात आहेच.