मावशीला दुर्बीण द्यायची आहे, बजेट १२ हजार: ८×४२ की १०×५०?

भाची_चिपळूणची

नमस्कार मंडळी. माझी मावशी या महिन्याअखेर शाळेतून निवृत्त होतेय. आम्ही भाचरांनी मिळून तिला दुर्बीण द्यायची ठरवली आहे. वर्गणी बारा हजार जमली आहे, ओढूनताणून तेरा होतील.

मावशीचं घर चिपळूणजवळ. पुढे पडवी, पडवीला लागून जास्वंदी, आणि उताराखाली वाशिष्ठीचं पात्र. पक्ष्यांचं वेड जुनं, वह्या भरल्यात नोंदींनी, पण सगळं आजवर नुसत्या डोळ्यांनी. जास्वंदीवरचा शिंजीर, कुंपणावरचा दयाळ, इथवर ठीक. नदीपलीकडच्या वडावर धनेश येतात ते मात्र तिला "काहीतरी मोठं हललं" एवढेच दिसतात.

अडचणी अशा: प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) आहे आणि तो ती काढत नाही. उजव्या हाताला किंचित कंप आहे. शिवाय कोकणातला पावसाळा. घरातल्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी चढून तो केव्हाच बाद झालाय.

ऑनलाइन पाहिलं तर दीड-दोन हजारांत ३०×६० मिळतेय! इथला दुकानदार म्हणतो १०×५० घ्या, आकडा मोठा तेवढं लांबचं दिसतं. काय करू?

गडवाट

दुकानदार बरोबर सांगतोय. माझ्याकडे १०×५० आहे. राजगडावरून तोरण्यावरची माणसं हलताना दिसतात. बिनधास्त घ्या.

खंड्या_पुणे

मावशीची भाची म्हणतेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. तुझ्या मावशीच्याच वयाचा आहे, चष्माही तसलाच, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं ते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मि.मी.मध्ये. आधी ते ३०×६० डोक्यातून काढ. ज्या दुर्बिणीची भिंगं लालभडक चमकतात आणि खोक्यावर तीसपट, शंभरपट असे आकडे असतात, ती खेळणी. खरोखर तीसपट असती तर हातात धरून काही दिसलंच नसतं, ट्रायपॉड लागला असता.

गडवाटभाऊंची १०×५० तरण्या हातांना ठीक. मावशीसाठी नको. ८० मीटरवरचा धनेश आठपटीत १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो, दहापटीत ८ मीटरवर. मिळवलं काय, तर दोन मीटर. पण हाताचा कंपही दहापट होतो, आणि धनेशाच्या चोचीवरचं शिंग बघायचं तर चित्र स्थिर हवं. "५० म्हणजे उजेड जास्त" असं कुणी सांगितलं तर भागाकार करून दाखव. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या झोताचा व्यास मिळतो. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मि.मी., ५० भागिले १० म्हणजे पाच. उजेड जवळपास तेवढाच, वजन मात्र बरंच जास्त. तसंही आपल्या वयात बाहुली संधिप्रकाशातही पाचच्या फार पुढे उघडत नाही. तेव्हा ८×४२. यावर मी वाद घालणार नाही.

खरी मेख चष्म्यात आहे आणि दुकानदार त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'आय रिलीफ' म्हणून एक आकडा असतो. नेत्रभिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी अख्खा गोल दिसेल, ते हे अंतर. चष्मा मध्ये आला की डोळा आपोआप मागे सरकतो. आकडा १५ मि.मी.च्या खाली असेल तर कडा कापल्या जातात आणि दोन नळकांड्यांतून डोकावल्यासारखं वाटतं. माणूस वैतागून चष्मा वर-खाली करत बसतो, तोवर पक्षी भुर्र. सतरा-अठराच्या पुढचं बघ. डोळ्याकडच्या रबरी वाट्या पूर्ण आत फिरवायच्या. आणि मावशीला सांग, प्रोग्रेसिव्हच्या वरच्या भागातून बघायचं, खालचा भाग वाचायचा.

नाव घेऊन सांगायचं तर निकॉन प्रोस्टाफ पी३, ८×४२. आय रिलीफ २० मि.मी., वजन पाऊण किलोच्या बरंच खाली, आत नायट्रोजन भरून सीलबंद, म्हणजे वाफ आत शिरत नाही. तुझ्या पावसाळ्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. जवळात जवळ ३ मीटरवर फोकस होतो. पडवीत खुर्ची टाकून जास्वंदीवरचा शिंजीर बघायचा तर हे फार महत्त्वाचं. दुसरी, सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२. तीही सीलबंद, आणि ती याहून जवळ, दोनेक मीटरवरही फोकस होते. किमती हलत असतात, दोन्ही विचारून बघ. निकॉनच्याच महागड्या मोनार्ककडे बघू नकोस, उगाच जीव जळेल.

टिटवी

खंड्याकाका, ८×४२ मान्य. पण याच पैशांत, किंबहुना कमीत, निकॉन ॲक्युलॉन ८×४२ येते. पोरो प्रिझमची, जुन्या घाटाची, दोन्ही नळ्या बाहेर काढलेल्या. दृश्य १००० मीटरवर १४० मीटर रुंद, प्रोस्टाफचं १२६. मी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हीच वापरते. बदकांचा थवा उठला की अख्खा मावतो. स्वस्त रूफ प्रिझमपेक्षा (म्हणजे प्रोस्टाफसारख्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा) स्वस्त पोरोचं चित्र अधिक खोल, अधिक जिवंत दिसतं, हे माझं ठाम मत आहे.

खंड्या_पुणे

टिटवीताई, चित्राबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. मावशीला चष्मा नसता आणि ती कऱ्हाडला राहत असती तर मीही ॲक्युलॉनच सांगितली असती. पण ॲक्युलॉनचं आय रिलीफ १२ आहे. चष्म्यातून तुमच्या त्या १४० मीटरमधले किती उरतील? वर जलरोधक नाही आणि फोकस ५ मीटरच्या अलीकडे येत नाही. शिंजीर हातचा गेला.

टिटवी

चष्म्याचं लक्षातच घेतलं नव्हतं, मला नाहीये ना. बरं, पण मावशी चष्मा काढूनही बघू शकतील की. नुसता लांबचा-जवळचा नंबर फोकसच्या चाकावर सांभाळता येतो. सिलिंड्रिकल जास्त असेल तरच पंचाईत.

खंड्या_पुणे

येतो. पण वहीत नोंद करायची म्हणजे पुन्हा चष्मा लावायचा, की पुन्हा पक्षी गेला.

समुद्रगरुड

हर्णैच्या बाजूचा आहे, म्हणून बुरशीचं सांगतो. सीलबंद दुर्बिणीलासुद्धा बाहेरून बुरशी येते. सोबत मिळणाऱ्या पिशवीत घालून कपाटात ठेवली की संपलं. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात ठेवा, पापडाचा चालतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की पुड्या वाळवायच्या. भिंग साडीच्या पदराने पुसायचं नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मायक्रोफायबर.

आणि गळ्यातला पट्टा बदला. खांद्यांवरून पाठीवर फुली जाणारा हार्नेस घ्या, मान दुखत नाही. कंप असेल तर कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून बघायचं, कितीतरी फरक पडतो.

भाची_चिपळूणची

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी पुण्याला येतेय. मावशीला न सांगता परस्पर घेऊ की सोबत नेऊ? आणि दुकानात नेमकं बघायचं काय?

खंड्या_पुणे

सोबत ने. सरप्राइजपेक्षा तिचे डोळे महत्त्वाचे.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, दारात येऊन बघायचं. आधी दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे कर. नेत्रभिंगात दोन उजळ टिकल्या दिसतील. त्या गोल हव्यात. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतला प्रिझम हलक्या प्रतीचा आहे.

मग मावशीच्या हातात दे. मधली बिजागरी मिटवत दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत आणायची. उजवीकडचं भिंग हाताने झाकून समोरच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्वच्छ करायची. मग डावं झाकायचं, आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करायची. लोक हजारो रुपयांची दुर्बीण घेतात आणि ही कडी आयुष्यात फिरवत नाहीत, मग म्हणतात डोकं दुखतं. कडी कुठे थांबली ते बघून ठेव, त्यानंतर फक्त मधलं चाक.

एवढं झाल्यावर तिला तारेवरचा एखादा कावळा बघू दे, दोन-तीन मिनिटं, चष्म्यासकट. डोळे चोळले किंवा चष्म्याला हात गेला की ती दुर्बीण बाजूला ठेवायची, पेटी कितीही चकचकीत असो.

टिटवी

तुलनेला ॲक्युलॉन एकदा मागून घ्याच. माझ्या समाधानासाठी.

भाची_चिपळूणची

घेते! आणि मावशीला कळलंच आहे, धाकट्या मामेभावाच्या पोटात काही राहत नाही. आत्ताच फोन आला, विचारत होती की दुर्बिणीने नदीतल्या मगरी पण बघता येतील ना.

समुद्रगरुड

पडवीतून अवश्य. हार्नेसचे पैसे तेराच्या आत बसवा, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का न विसरता मारून घ्या. आयात केलेला सुटा माल स्वस्त पडतो, पण पुढे दुरुस्तीला कुणी उभं करत नाही.