मदत हवी आहे: निवटीच्या शेपटीतली युरोफायसिस ग्रंथी स्लाइडवर रंग धरत नाही

नमस्कार मंडळी,

मी ट्रॉम्बेची, एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवडे एकाच जागी अडकलेय. हिस्टॉलॉजी (ऊतींचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) केलेलं कुणी इथे असेल तर प्लीज वाचा.

प्रोजेक्ट माशांच्या युरोटेन्सिनवर आहे. माशाच्या मज्जारज्जूच्या अगदी टोकाला डालग्रेन पेशी नावाच्या मोठ्या चेतापेशी असतात. त्या युरोटेन्सिन हे हार्मोन बनवतात आणि ते युरोफायसिस नावाच्या छोट्या ग्रंथीत साठतं. बर्न आणि लेडेरिस यांनी 1969 साली या ग्रंथीच्या अर्कावर काम छापलं. पुढे 1980 मध्ये युरोटेन्सिन-2 ची रचना कळली: 12 अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात एक कडं. ज्या माशातून ते काढलं तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या चिखलात राहणारा, गोबी नावाच्या गटातला मासा. आमची निवटीही गोबींच्याच गोतातली! लहानपणापासून ओहोटीला चिखलात उड्या मारताना बघितलेला मासा. म्हणून मॅडमना म्हटलं, ग्रंथी बघायची तर आपल्या खाडीतल्या निवटीतच बघू.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट सांगते. युरोटेन्सिन-2 फक्त माशांचंच असावं असं बरीच वर्षं वाटत होतं. माणसातही ते आहे, 11 अमिनो आम्लांचं, आणि कड्याचा भाग माशातल्यासारखाच. 1999 मध्ये त्याचा रिसेप्टरही (पेशीवर ते जिथे जाऊन बसतं ते प्रथिन) ओळखला गेला आणि रक्तवाहिनी आवळण्यात ते एंडोथेलिन-1 या रक्तवाहिनी जोरात आवळणाऱ्या पदार्थालाही मागे टाकतं असं दिसलं. पण म्हणजे 'बीपी वाढवणारं हार्मोन' म्हणून मोकळं व्हावं, तर तसं नाही. उंदराची महाधमनी छातीच्या भागात त्याने जोरात आवळते, पोटाच्या भागात फारशी नाही. माणसाच्या काही बारीक धमन्या तर उलट सैलावतात, कारण आतल्या अस्तराच्या पेशी वाहिनी सैल करणारे पदार्थ सोडतात. शेजारचं युरोटेन्सिन-1 वेगळंच, 41 अमिनो आम्लांचं. ते सस्तन प्राण्यांत रक्तवाहिन्या रुंदावून दाब खाली आणतं. एकाच ग्रंथीत दोन्ही!

हे घरी सांगितल्यावर बाबांनी (बीपीची गोळी चालू आहे) जेवता जेवता हात थांबवला. "गो, मग मी निवट्या खायच्या का नाय?" खुशाल खा म्हटलं. असली पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) पोटात पचून जातात, इतर प्रथिनांसारखीच. सांभाळायचं ते सुक्या मासळीतलं मीठ.

आता अडचण. शेपटी ऊती टिकवणाऱ्या बुआँ द्रावणात ठेवली, पॅराफिन मेणात ब्लॉक केला, आडवे सेक्शन (पातळ काप) घेतले, आल्डिहाइड फुक्सिन हा रंग लावला. त्याच बॅचमधल्या पिट्यूटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) स्लाइडवर सुंदर जांभळा रंग आला. शेपटीच्या स्लाइडवर काहीच नाही. वर निम्मे सेक्शन हाडाजवळ फाटले. डिसेक्शनमध्ये मज्जारज्जूच्या खालच्या अंगाला मोहरीहून लहान, पांढरट फुगवटी मी स्वतः बघितली आहे, सुईच्या टोकाने हलवूनही बघितली. मग स्लाइडवर ती जाते कुठे? रंग बदलू की मासा?

प्रतिसाद 1

मासा बदलू नका, ताई. आल्डिहाइड फुक्सिन पिट्यूटरीत जे पकडतं ते सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाने भरलेलं वाहक प्रथिन असतं, न्यूरोफायसिन. शेपटीकडच्या या यंत्रणेत ते नसतं, म्हणून तिथला स्राव या रंगाला दाद देत नाही. आम्लधर्मी रंग घ्या. मॅलरी ट्रायक्रोम किंवा अझान लावून बघा. डालग्रेन पेशी आकाराने मोठ्या असतात, केंद्रक वेडंवाकडं असतं, त्यावरून ओळखू येतील. नक्की युरोटेन्सिनच दाखवायचं असेल तर मात्र फक्त त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लागेल, आणि ती महाग पडते. खर्चाचं मॅडमशी आधी बोला.

फाटण्याचं कारण हाड. ब्लॉक करण्याआधी डीकॅल्सिफाय करा (हाडातलं कॅल्शियम काढून ते मऊ करा) आणि सुई सहज जाते का ते तपासा. आणि आडवे सेक्शन कशाला घेताय? उभे घ्या, डोक्याकडून शेपटीकडे. एकाच सेक्शनमध्ये पेशी, त्यांचे तंतू आणि ग्रंथी ओळीने मिळतील.

धागाकर्ती

खूप खूप आभार! आडव्या सेक्शनमध्ये मी ग्रंथीच्या पुढे-मागेच कापत बसले होते, हे आता लक्षात आलं. लॅबमध्ये मॅलरीचे रंग आहेत, आजच विचारून घेतलं. शनिवारी ओहोटी बघून बाबा चिखलात उतरतायत. पहिल्या चार निवट्या कालवणात जाऊ देऊ नका, असं आईला सांगून ठेवलंय. स्लाइड तयार झाली की फोटो इथेच टाकते.