किल्लारीवरचा भूतपट: गावातली सगळी माणसं आणायची कशी?

माळवद:
२५ मिनिटांच्या लघुपटाची संहिता चालू आहे. जागा किल्लारीजवळचं पुनर्वसित गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात गेलेला सहा वर्षांचा पोरगा अजून जुन्या गावठाणातच आहे, नव्या घराची वाट त्याला ठाऊक नाही. आई आता साठीला टेकलेली. गाव म्हणून मुस्लिम शेजारी, बौद्ध मास्तर, लिंगायत दुकानदार असे तिघं घातले, प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं. वाचताना ग्रामसभेची हजेरी वाटते. कुणाला काढू?

तेरणाकाठ:
काढू नका. पण माणूस 'कोण' हे सांगायला वाक्य खर्चू नका, त्याच्या घरचा दुखवटा दाखवा. आईच्या घरी तिसऱ्याला राख सावडणं, दहाव्याला पिंड. कावळा शिवलाच नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. लिंगायतात दहन नाही, बसवून पुरतात, तळहातावर इष्टलिंग. बौद्ध घरात पिंड नाही न कावळा नाही. त्रिशरण, पंचशील, पुण्यानुमोदन. मास्तर कावळ्याची वाट बघत बसलेले दाखवलेत की पात्र गेलं. मुस्लिम घरात तिसऱ्याला जियारत, पुढं चाळीसवा. आणि नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस इद्दतीत, म्हणजे घरात राहून दुखवट्यात असते. दुसऱ्या महिन्यात तिला बाजारात फिरवू नका.

भूकंपाच्या त्या आठवड्यात मात्र सरणाला लाकूड पुरेना, एकेका चितेवर कितीतरी जण. रीतीनं निरोप देणं कित्येक घरांना जमलंच नाही. तुमच्या भुताचं कारण हेच. ते सगळ्याच घरांना लागू आहे, म्हणून हजेरी आपोआप मोडते.

हौनक्को:
भाषेवर लक्ष द्या. पुण्याचे नट आणून 'लई' पेरलं की मराठवाडी होत नाही. लातूरकडं 'काय करूलालास?', बीड-परभणीकडं 'काय करायलास?' एका घरात दोन्ही आली की इथला प्रेक्षक हसतो. मुस्लिम शेजारी चावडीवर गावासारखीच मराठी बोलेल, उंबऱ्याच्या आत दखनी: 'हौ', 'नक्को', 'काइकू'. शायरीतली उर्दू त्याच्या तोंडी घालू नका, ती सिनेमावाल्यांची.

दुसरं, भूत कुणाला दिसतं ते ठरवा. फक्त आईला दिसलं तर बाकीचे शोभेचे. शेजाऱ्याचा पोरगा, त्याचा खेळगडी, आता चाळिशीला आलेला. त्याला आधी दिसू द्या.

माळवद:
हे पटलं. आईला मांत्रिकाकडं नेण्याचा प्रसंग आहे. तो मसणजोगी दाखवलाय.

तेरणाकाठ:
तो बदलाच. भटक्या जमातीचा माणूस पडद्यावर आला की अंगारा घेऊनच येतो, किती वर्षं हेच? मांत्रिक ठेवायचाच असेल तर घरातलाच, सुशिक्षित मामा करा. बाईला साखळीनं, चाबकानं मारून भूत उतरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. प्रसंग घेतलात तर मारणारा बरोबर होता असं कथेनं म्हणू नये. म्हणजे त्यानंतर आईला बरं वाटलेलं दाखवायचं नाही.

पांढरी_माती:
दोन गोष्टी कामाच्या. भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून गाव झोपलेलं. पांढऱ्या कपड्यातलं भूत नको, पोराच्या कानामागं पुसायचा राहिलेला गुलाल पुरे. खेळगड्याच्या लहानपणीच्या दृश्यातही कानामागं तोच गुलाल ठेवा.

आवाज: दार करकरवू नका. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची हातभर माती. हलायला लागलं की लाकडांच्या फटीतून आधी माती झरते. कोरडी पांढरी माती चाळून जुन्या फळीवर हळूहळू सोडा, माइक फळीच्या खाली धरा, वर नको, धूळ जाते. नव्या घरावर स्लॅब आहे, तिथं माती झरणं शक्यच नाही. म्हणून तो आवाज तिथं येऊ द्या.