वाईट कायदा हाही कायदाच: हार्टचं म्हणणं मला पटतं

धरमपेठकर: बार रूममध्ये ज्युनिअर मुलांशी यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे मांडतो. एच. एल. ए. हार्ट (१९०७-१९९२), ऑक्सफर्डचा प्राध्यापक. कायदा काय आहे आणि तो कसा असावा, हे दोन प्रश्न एकत्र कालवू नका, असं तो सांगायचा. १९४४ मध्ये एका जर्मन बाईने, नवरा नकोसा झाला म्हणून, रजेवर घरी आलेला तो हिटलरबद्दल काय बोलला ते वर कळवलं. हिटलरविरुद्ध बोलणं गुन्हा ठरवणाऱ्या नाझी कायद्याखाली त्याला फाशी सुनावली, मग आघाडीवर धाडलं. १९४९ मध्ये कोर्टाने तिला दोषी ठरवलं. हार्टने १९५८ मध्ये यावर लिहिलं: 'तो नाझी कायदा कायदाच नव्हता' अशी पळवाट नको. शिक्षा द्यायचीच तर उघडपणे पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या कृत्यांनाही लागू होणारा, कायदा करा आणि त्याची किंमतही कबूल करा. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

महालवाला: भाऊ, राडब्रुखला का वगळता? जर्मनीचा माजी कायदामंत्री, १९३३ मध्ये नाझींनी प्राध्यापकी काढून घेतलेला. अन्याय असह्य झाला की कायद्याने न्यायापुढे हटावं, असं त्याने १९४६ मध्ये लिहिलं. हे त्याने भोगून लिहिलंय! आपल्याकडचंच घ्या. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्यांच्या याचिका ऐकता येतात, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं, त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने ते फिरवलं. कोर्टात दाद मागायचा हक्क स्थगित करणारा राष्ट्रपतींचा आदेश चौघांनी प्रमाण मानला.

धरमपेठकर: तो दोष हार्टच्या माथी का? कायदा वैध ठरला म्हणून तो पाळावाच असं होत नाही, हे त्यानेच बजावलंय.

सिव्हिल लाइन्सवाली वकील: सर, ते नागरिकासाठी झालं. न्यायाधीशाला निकाल लिहायचा असतो, त्याने काय करावं? त्या निकालात एकटेच विरोधात गेलेले न्या. एच. आर. खन्ना यांनी लिहिलं की घटनेतलं जीवित आणि स्वातंत्र्याचं कलम २१ नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचं जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार सरकारला नाही. या एका निकालापायी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. मी अशिलाच्या बाजूने उभी राहते तेव्हा मला समोर खन्नांसारखा न्यायाधीश हवा.

धरमपेठकर: मलाही हवा. पण असा न्यायाधीश दर वेळी भेटेल याची हमी कोण देणार? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ आणीबाणीतही स्थगित होऊ नये असं लिहूनच टाकलं. वाईट कायदा संसदेतच बदलायचा.

सिव्हिल लाइन्सवाली वकील: ती दुरुस्ती आली तेव्हा आणीबाणी उठून गेली होती. १९७६ मध्ये जे आत होते त्यांना संसद सोडवणार नव्हती, सर. त्यांच्याकडे फक्त कोर्ट होतं.