स्ट्रॅटेजीला मराठीत काय म्हणायचं: रणनीती, व्यूहरचना की धोरण?

बर्डीवाला: सीताबर्डीच्या लढाईवरचा इंग्रजी मजकूर मराठीत करतोय, एका प्रदर्शनाच्या फलकासाठी. नोव्हेंबर १८१७, अप्पासाहेब भोसले विरुद्ध इंग्रज. एका वाक्यात अडलोय. अरबांनी धाकटी टेकडी घेतली ती टॅक्टिक्स उत्तम, पण भोसल्यांची एकूण स्ट्रॅटेजी फसली, असा भाव आहे. मी ‘डावपेच’ आणि ‘रणनीती’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ‘रणनीती’ खोडून ‘व्यूहरचना’ केलं. म्हणे हिंदी शब्द आहे.

धंतोलीची: बरोबर केलं त्यांनी. नागपुरात हिंदी आणि मराठी दोन्ही पेपर घरात येतात, त्यामुळे शब्द कधी शिरला ते कळतही नाही. व्यूहरचना आपला आहे.

महालकर: ताई, रणांगण आपलं, राजनीती आपली, मग रणनीतीच परकी कशी? आणि व्यूहरचना इथे चूकच ठरेल. व्यूह म्हणजे मैदानात सैन्य उभं करायची ठेवण. महाभारतात तो बदलत राहतो: क्रौंच, मकर, गरुड. द्रोणांचा चक्रव्यूह तेराव्या दिवसाचा. असा दिवसागणिक बदलतो तो डावपेच झाला. सबंध युद्धाचा विचार म्हणजे धोरण. ‘धोरणी माणूस’ म्हणतो तेव्हा आपल्याला हेच म्हणायचं असतं.

धंतोलीची: धोरण म्हटलं की शासन निर्णय आठवतो. पाणी धोरण, शैक्षणिक धोरण. लढाईच्या फलकावर ते शोभत नाही. आणि ‘निवडणुकीची व्यूहरचना’ सगळे म्हणतात, त्याचं काय?

इतवारीवाला: राजेहो, गनिमी कावा इसरले काय? माही आजी म्हने, कावा कावळ्यापासून आला. कावळा सरळ येत नाही, फेर घेऊन येते.

महालकर: भाऊ, आजींनी कावळा नीट पाहिला होता, पण व्युत्पत्ती ती नाही. कावा फारसी, घोडा गोल फिरवणं. गनीम अरबीतून आला, म्हणजे शत्रू. मोगलांच्या लिखाणात मराठ्यांनाच गनीम म्हटलंय. शत्रूचा शब्द आपण अभिमानाने वापरतो, आणि वापरावाच.

धंतोलीची: मग महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला? फारसी शब्दांना पर्याय हवेत म्हणूनच ना?

महालकर: घेतला, आणि पेशव्याचा पंतप्रधान झाला. पण पुढे शंभर वर्षं लोक पेशवेच म्हणत राहिले. कोश करता येतो, लोकांच्या तोंडचा शब्द काढता येत नाही.

इतवारीवाला: तं मंग डावपेचच घ्या न. संक्रांतीले जुनी शुक्रवारीतून मांजा आनला, गच्चीवर चढलो, वारा पाह्यला, कोनाची पतंग आधी काटाची ते ठरवलं, हा झाला डाव. पेच पडल्यावर ढील द्याची का खेचाची, हे तिथंच ठरते, तो पेच. दोन्ही अर्थ एकाच शब्दात हायेत.

बर्डीवाला: हे फार आवडलं. म्हणजे ‘पेच साधला, पण डाव फसला’?

धंतोलीची: ‘डाव फसला’ वाचून लोकांना कट उधळला असं वाटेल. शिवाय पेच फारसीच.

महालकर: आणि कुस्तीत उलटं आहे. धोबीपछाड हा एकच झटका, पण त्याला डाव म्हणतात.

इतवारीवाला: कुस्तीचं मले मालूम नाही. पतंगीत असंच हाये.

धंतोलीची: पतंगीवरून आठवलं, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास ‘मांझा’ लिहितात. मराठीत मांजाच. हेही हिंदीमुळेच.

इतवारीवाला: ताई, आमच्या गल्लीत आधीपासून मांझाच म्हनते.