मुलाचा ताबा दोघांकडे निम्मा-निम्मा असावा का?

आडवाट:
आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. अंतरिम आदेशानुसार तो आईकडे राहतो आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी कौटुंबिक न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत मला दोन तास भेटतो. त्याची भीड चेपण्यातच पहिला अर्धा तास जातो, आणि मोकळा होऊन तो शाळेतले काही सांगू लागतो तोवर निघायची वेळ होते. आईवडील दोघेही मुलाला नीट सांभाळणारे असतील, तर न्यायालयाने निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी आणि त्याहून कमी द्यायचा असल्यास कारणे नोंदवावीत, असे माझे मत आहे. विधी आयोगानेही मे २०१५ च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आहे.

दीपमाळ:
महिन्याला चार तासांत बाप होता येत नाही, हे मला मान्य आहे. मात्र अहवालाचे म्हणणे वेगळे आहे. मुलाचे हित साधत असेल तेथे संयुक्त ताब्याचा पर्याय न्यायालयाला असावा, एवढेच आयोगाने म्हटले. तो गृहीत धरावा असे म्हटले नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये दोन्ही पालकांची समान जबाबदारी कायद्याने गृहीत धरली होती. ती शिक्षण, औषधोपचार अशा मोठ्या निर्णयांपुरती होती, तरी अनेक पालकांनी तिचा अर्थ ‘निम्मे दिवस माझे’ असा घेतला, आणि ६ मे २०२४ पासून ती तरतूद रद्द झाली. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचे कलम १३ मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. तेथे हिश्श्यांची भाषा आली की मुलाचा सातबारा होतो. शिवाय ज्या घरात मारहाण झाली आहे, तेथे ती सिद्ध होईपर्यंत आईने मूल निम्मा आठवडा कोणाच्या भरवशावर धाडायचे?

सांजवात:
मी नऊ वर्षांची असताना न्यायाधीशांनी दालनात बोलावून, कोणाकडे राहायचे ते मला प्रेमाने विचारले होते. समज आलेल्या मुलाची पसंती १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार विचारात घेता येते, हे मला फार उशिरा कळले. मी ‘आई’ म्हणाले आणि बाबांना ते वर्षानुवर्षे लागून राहिले. निम्मे दिवस मला नकोच होते, कारण त्यांचे घर शाळेपासून दीड तासावर होते; पण रात्री त्यांचा फोन यावा असे फार वाटे. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले आहे. आमच्या वेळी ते कोणी सुचवलेही नाही.

आडवाट:
अहवालाचा दाखला मी अर्धवट दिला, आणि हिंसेची तक्रार असेल तेथे माझी मागणी लागू नये, हेही मान्य. परंतु अंतरिम आदेश तात्पुरता म्हणून निघतो, खटला लांबतो, आणि मुलाचे बालपण त्या तात्पुरत्या आदेशातच सरते. पुढच्या तारखेला मी आदेशात बदल मागणार आहे: रोज रात्री फोन, आणि बुधवारी शाळा सुटल्यावर त्याला घरी नेऊन, अभ्यास घेऊन, आठला आईकडे पोहोचवणे.

दीपमाळ:
या अर्जाला माझा विरोध नाही. फक्त उशीर झाल्यास कोणी कोणाला, किती वाजेपर्यंत कळवायचे, तेही त्यात लिहा. बहुतेक भांडणे तिथेच पेटतात आणि मूल दप्तर पाठीवर घेऊन उभे असते.