गणपतीच्या देखाव्यासाठी सल्ला हवा: मिरजेचा जुना मालधक्का, वाघिणी कोणत्या आणि माल कोणता?

गावभागातला_गण्या

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळात हलता देखावा नको असं एकमताने ठरलंय, कारण मोटार दरवर्षी तिसऱ्या दिवशी जळते आणि उरलेले दिवस पोरं हाताने चाक फिरवत बसतात. त्याऐवजी मिरज जंक्शनचा जुना मालधक्का करायचं डोक्यात आहे. जागा आठ फूट बाय चार फूट. प्रवासी गाडी नको, इंजिन कोपऱ्यात एखादं चालेल. खरी मजा मालगाडीच्या डब्यांची, म्हणजे वाघिणींची, आणि त्यांत काय भरलेलं असायचं त्याची.

अडचण अशी की नेटवर मिळतात ते सगळे अमेरिकन नाहीतर इंग्लंडचे डबे. आपल्याकडे हळद, गूळ, शेंगा जायच्या एवढं माहीत आहे, पण कुठल्या डब्यात, कशा रचून, ते कोणी सांगेल का? काळ कुठला धरू? बघायला कुठे मिळतील? थर्माकोल वापरायचा नाही, हे आधीच सांगतो.

मीटरगेजवाला

विषय झकास काढलात. पण आधी साल ठरवा, मग डबे. साल न ठरवता डबे जमवलेत तर बाजारात पाटी लावलेलं भाताचं हॉटेल होईल, मेनूत सगळं, ताटात काही धड नाही.

पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याकडे जाणारी लाइन सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात घातली, मीटरगेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, इथे एक मीटर). मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ चा, सांगली संस्थानचा मिरज-सांगली फाटा १९०७ चा. १९०८ मध्ये कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा झाली. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, मिरजेत पोचली १९२७ ला. आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, आली. म्हणजे मीटर आणि नॅरो, दोनच गेज शेजारी शेजारी हवी असतील तर १९२७ ते १९७१ ही तुमची चौकट.

त्यातही डब्यावर काय लिहायचं ते सालावर. १९५१ च्या एप्रिलमध्ये मीटरगेज सदर्न रेल्वेत गेली. बार्शी लाइट १९५४ ला सरकारने घेतली आणि ती सेंट्रलकडे आली. १९५५ धरलंत तर एकाच स्टेशनात दोन झोनचे डबे दाखवता येतील. माझं मत १९५५ लाच.

आणि एक विनंती. डब्याच्या दोन्ही बाजूंना गोल बफर (धक्का झेलणाऱ्या तबकड्या) लावू नका. ते ब्रॉडगेजचं. आपल्या मीटर आणि नॅरो डब्यांना मधोमध एकच बफर-कपलिंग असायचं. बघणाऱ्यांपैकी एखादा तरी रिटायर्ड गार्ड निघतोच, आणि तो पहिलं तेच बघतो.

बेडगकर

बार्शी लाइटच्या वाघिणींशिवाय मिरजेचा देखावा म्हणजे भडंगाशिवाय सांगली.

या लाइनचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. अडीच फुटी गेज, हलके रूळ, म्हणून त्याने नियम घातला की इंजिन असो, डबा असो, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. चार आसांच्या बोगी वाघिणीत स्वतःचं वजन धरून वीस टन. आता वाघीणच जड केली तर माल कमी बसणार. म्हणून सांगाडा जाड तुळयांचा न करता पत्रा दाबून बनवला, लीड्स फोर्ज या कारखान्यात. पेटी बंद असो, उघडी असो, खालचा सांगाडा पंचवीस फुटांचा एकसारखा. तुमच्या कामाची गोष्ट हीच: एकाच मापाचे सांगाडे पाच-सहा कापून घ्या आणि वर वेगवेगळ्या पेट्या बसवा. खरोखर तसंच होतं.

माल म्हणाल तर बार्शी-लातूरकडून कापूस, तेलबिया, डाळी. आपल्या टापूत सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग अशी स्टेशनं. आमच्या बेडगलाही थांबायची. आणि पंढरपूरची वारी असली की माल बाजूला, वारकरी आधी. ही लाइन काढली तीच कापूस आणि पंढरपूरच्या यात्रेकरूंच्या जोरावर.

ओगलेवाडीचा_कंदील

साताऱ्याकडचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळे हळद-गुळावरच अडकलेत.

या लाइनवर कारखान्यांचा मालही होता की. आमच्या कऱ्हाडचं स्टेशन मुळात आहेच ओगलेवाडीला. तिथे १९१६ पासून ओगल्यांचा काच कारखाना, प्रभाकर कंदील तिथलाच. काचसामान म्हणजे पेंढ्यात गुंडाळून लाकडी पेट्यांत. पुढे किर्लोस्करवाडी, १९१० ची. त्या स्टेशनाचं आधीचं नाव कुंडल रोड. तिथून लोखंडी नांगर, उसाचे चरक. सातारा रोडला कूपरांचा कारखाना, तिथेही नांगर. लोणंदचा कांदा आहेच. भिलवडी स्टेशनला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी, पण दुधाचा कॅन दाखवायचा मोह झाला तर तो मालडब्यात ठेवू नका. नाशवंत माल पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात.

माझा सल्ला: एक बंद डबा अर्धा उघडा ठेवा, आत पेंढा आणि पेंढ्यातून डोकावणारी कंदिलाची एकच काच. छोटा दिवा आत सोडता येईल.

तोफवाला_पन्हाळा

नांगरांवरून आठवलं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या होत्या. उघड्या वाघिणीवर एक तोफ ठेवा राव. गर्दी हटणार नाही.

मीटरगेजवाला

@तोफवाला, गोष्ट खरी आहे आणि भारीही आहे, पण ती १९१४ ते १८ मधली. तेव्हा मिरजेत बार्शी लाइट आलेलीच नव्हती. तोफ ठेवायची तर देखाव्यातून नॅरोगेज काढून टाका.

तोफवाला_पन्हाळा

तुमच्यापुढे बोलायची सोय नाही.

मालबाबूंची_लेक

वडील मालबाबू (रेल्वेत मालाचा हिशेब ठेवणारे कारकून) होते, लहानपण मालधक्क्यावर गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गण्या, तुम्ही डब्यांची यादी मागताय. डबे हवेतच. पण मिरजेचं खरं काम डब्यात नव्हतं, दोन डब्यांच्या मध्ये होतं. नॅरोगेजचा डबा मीटरगेजच्या रुळावर चढत नाही. म्हणजे लातूरहून आलेलं प्रत्येक पोतं इथे माणसाच्या पाठीवर चढणार आणि पलीकडच्या डब्यात उतरणार. मिरज-सांगलीचं पोतं मुंबईला जायचं असेल तर पुण्याला ब्रॉडगेजमध्ये असंच एकदा. म्हणून मधोमध ट्रान्सशिपचा, म्हणजे माल एका डब्यातून दुसऱ्यात हलवायचा, फलाट करा: लांब, अरुंद, वर पत्रा, एका बाजूला नॅरो, दुसऱ्या बाजूला मीटर. दोन्हीकडची दारं उघडी. डबा आणि फलाट यांच्या फटीवर लोखंडी पाट टाका, हमाल त्यावरूनच ये-जा करायचे.

आता बारीक गोष्टी. हमालाच्या हातात आकडा. पोत्यावर स्टेशनाचं नाव आणि व्यापाऱ्याची खूण, काळ्या शाईने. फलाटावर एक काटा, शेजारी वही घेऊन एक बाबू, तो पोती मोजतोय. अंगात टोपी-कोट नको, उन्हाळ्यात कोणी घालत नसे. भरून झालेल्या डब्याच्या कडीला तार आणि तारेला शिशाची सील. चिमट्याने दाबली की त्यावर स्टेशनाचा ठसा उठायचा. दाराजवळ एक लोखंडी खाच, तिच्यात कुठून कुठे ते लिहिलेलं लेबल. सील तुटलेली दिसली की आमच्या घरातलं त्या रात्रीचं जेवण उशिरा, एवढं मला कळायचं.

फलाटाबाहेर बैलगाड्या आणि एक वैतागलेला व्यापारी हवाच. रेल्वे रिसीट (मालाची पावती) 'सेल्फ'ची, म्हणजे पाठवणाऱ्याच्याच नावाची, असली तर ती बँकेत पैसे भरून सोडवावी लागायची, तोवर माल धक्क्यावर पडून आणि डॅमरेज, म्हणजे पडून राहिल्याचा दंड, चालू. तो व्यापारी नेहमी घड्याळाकडे बघत असायचा.

रचण्याबद्दल: गुळाच्या ढेपा बारदानात गुंडाळलेल्या, थरावर थर, खाली भुसा किंवा पेंढा. गूळ पावसाला भितो. पत्रा गळका असेल तर व्यापारी डबा नाकारायचा, आणि त्यावरून होणारी भांडणं हा वेगळा देखावा होईल. हळदीची पोती उभी नको, आडवी. आधी ज्या डब्यातून चामडं किंवा खत आलं तो डबा झाडून धुतल्याशिवाय गुळाला नाही.

हरिपूरची_वाट

ताई, वाचताना वास आला हो. @गण्या, हळद दाखवणार असाल तर एका कोपऱ्यात हरिपूरचं पेव दाखवा. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, त्यामुळे नव्या पोरांनी पाहिलेली नाहीत. पेवातून पोत्यात, पोत्यातून गाडीत, गाडीतून सांगलीच्या जुन्या स्टेशनावर. ते स्टेशन होतं त्या भागाला अजून स्टेशन चौकच म्हणतात.

कुंडलचा_पाव्हणा

या लाइनवरचा सगळ्यात मोलाचा माल पोत्यात नव्हता. ७ जून १९४३, शेणोली. रेल्वे कर्मचाऱ्यांचे पगार घेऊन जाणारी गाडी पत्री सरकारच्या तुफान सेनेने अडवली. कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड. आमच्याकडे ही गोष्ट पोरांना जेवताना सांगतात. देखाव्यात आलीच पाहिजे.

गावभागातला_गण्या

@कुंडलचा_पाव्हणा, दादा, ती गोष्ट आठ बाय चारच्या कोपऱ्यात कोंबायची नाही, तिला पुढच्या वर्षी अख्खा मांडव देतो. मंडळात आजच बोललो.

@मालबाबूंची_लेक, ताई, तुमच्यामुळे नकाशाच बदलला. आता फलाट मध्ये आणि रूळ दोन्हीकडे. पण मापं कशी काढू?

सनबोर्ड_सुतार

मापाचं माझ्याकडे. १:२० धरा, हिशेब तोंडी होतो.

मीटरगेज म्हणजे रुळांमधलं अंतर ५ सेंमी. नॅरो ३.८ सेंमी. पंचवीस फुटी बार्शी वाघीण ३८ सेंमी. आठ फुटांत २४४ सेंमी, म्हणजे सहा वाघिणी ठासून, पाच मोकळ्या. पाचच करा, शेवटी थोडा रूळ रिकामा दिसू दे. माणूस साडेआठ सेंमीचा. पोतं पाच सेंमीच्या आसपास, जुन्या बारदानाचेच तुकडे शिवा, नवं कापड चमकतं.

सांगाडा ३ मिमी एमडीएफ, पेटी सनबोर्ड. रिव्हेटसाठी फॅब्रिक कलरच्या ट्यूबने ठिपके द्या, वाळले की उठून दिसतात. रंग लाल ऑक्साइड, वर पातळ काळं पाणी मारून लगेच पुसा. रुळाला ॲल्युमिनियमची पट्टी. स्लीपर आइसक्रीमच्या काड्यांचे करू नका, फार गोल दिसतात, अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा कापा.

बघायला जायचं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. आपले मालडबे तिथे मिळतील म्हणून जाऊ नका, देखावा कसा रचतात ते शिकायला जा. खऱ्या डब्यांसाठी हुबळीचं रेल्वे संग्रहालय २०२० पासून सुरू आहे, सदर्न मराठाचं घरच ते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात भरपूर आहे, पण गणपतीसाठी दिल्ली म्हणजे जरा जास्तच.

लातूरचा_जावई

सगळे १९५५ मध्ये रमलेत, पण मिरजेहून गेलेला अलीकडचा माल विसरू नका. एप्रिल २०१६, दुष्काळात कृष्णेचं पाणी, लातूरला. कोट्याच्या कारखान्यात आतून साफ करून घेतलेल्या टाकी-वाघिणी, पहिल्या गाडीला दहा, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुटल्या. एरवी लातूरकडून माल मिरजेत यायचा, त्या वर्षी मिरजेहून पाणी तिकडे गेलं. सासुरवाडीला तेव्हा आम्ही पाहुणे म्हणून गेलो तर आमच्यापेक्षा सोबतच्या कॅनचं जास्त कौतुक झालं.

मीटरगेजवाला

जावईबापू, मुद्दा मान्य, पण १९५५ च्या फलाटावर २०१६ ची टाकी नको. मागच्या भिंतीवर फोटो आणि दोन ओळी लावा.

गावभागातला_गण्या

ठरलं तर मग. साल १९५५. नॅरोच्या पाच वाघिणी: तीन बंद, दोन उघड्या. पलीकडे मीटरगेजच्या तीन, त्यातल्या एकीत पेंढ्यातला कंदील. मध्ये फलाट, काटा, बाबू, सात हमाल, घड्याळ बघणारा व्यापारी. कोपऱ्यात पेव. भिंतीवर पाणीगाडी. इंजिन रद्द, जागाच उरली नाही आणि कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

शेवटचा प्रश्न. गूळ खरा ठेवावा का? पोरांचा आग्रह आहे.

मालबाबूंची_लेक

अजिबात नको. दहा दिवसांत मुंग्या डबा ओढून नेतील. ढेपा शाडूच्या करा, वर पातळ तपकिरी रंग आणि वॉर्निश. हळद मात्र खरी चालेल, हळकुंडं एका फुटक्या पोत्यातून थोडी सांडलेली ठेवा. आणि बारदान आधी दोन दिवस उन्हात टाका, नाहीतर मांडवात कुबट वास सुटेल.